आठवे रसविघ्न

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी आयुष्यात प्रथम नापास झालो. विषय होता प्रेक्षक-प्रतिसाद. उरलेल्या दोन विषयांत, म्हणजे चित्रपट-सिद्धांत आणि चित्रपट-व्यवसाय यांत, मी उत्तीर्ण होतो. सिद्धांतात तर वर्गात पहिला होतो. परंतु ज्या माणसाने पस्तीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवताना 'सहृदय कोणास म्हणावे?' हा प्रश्न दर वर्षी प्रश्नपत्रिकेत घातला, त्यालाच प्रेक्षक कळत नाही असा शेरा निकालपत्रावर यावा, यात अंबाबाईची काही योजना असली पाहिजे, असे मानून मी तो कागद देवघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढताना पत्नीने तो उचलला, चष्मा पुसून वाचला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"मला विचारायचं हुतं की," ती म्हणाली. "मी आधीच सांगितलं असतं."

या अभ्यासक्रमात मी कसा शिरलो ते सांगितले पाहिजे. आमच्या गावाला चित्रपटाचे अप्रूप नाही. एके काळी इथे चित्रपट तयार होत. ज्या घरी जावे तिथे कुणाचा तरी आजोबा फेटा बांधून, हातात भाला घेऊन, गर्दीच्या दृश्यात तिसऱ्या रांगेत उभा राहिलेला असतो, आणि त्या घरात त्या चित्रपटाला त्या आजोबाचाच चित्रपट म्हणतात. आमच्या घराण्यात मात्र असा भालदार झाला नाही. तेव्हा चित्रपट-अभ्यासाचा एक वर्षाचा वर्ग सुरू करणाऱ्यांनी रससिद्धांतावर बोलण्यासाठी मला बोलावले, ते माझ्या चित्रपटज्ञानासाठी नव्हे, हे उघड होते. मी सव्वा तास बोललो. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांचा संयोग सांगितला. रसास्वादात येणारी सात विघ्ने पूर्वाचार्यांनी मोजून ठेवली आहेत, तीही क्रमाने सांगितली. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तुम्ही थेटरात बघितलेला शेवटचा पिक्चर कुठला?"

सकाळी पूजा करून आलेल्या माणसाला खोटे बोलता येत नाही. मी म्हणालो, "त्याला चव्वेचाळीस वर्षे झाली."

वर्ग हसला. मीही हसलो, परंतु घरी परतताना त्या चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या दुपारने माझी पाठ सोडली नाही.

आमच्या लग्नाचे ते दुसरे वर्ष. पत्नीचे माहेर गारगोटीचे; तिला शहरात आल्याचे मुख्य सुख म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर असलेली चित्रपटगृहे. त्या दुपारी पडद्यावर एक भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो आणि सासरची माणसे त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात, असे दृश्य लागले. पत्नी हुंदके देऊन रडू लागली. मी तेव्हा नुकताच अध्यापक झालो होतो. मी तिच्या कानाशी वाकून सांगितले की, हा लौकिक शोक नव्हे. हा करुण रस आहे. त्याचे पर्यवसान आनंदात होते. सबब हुंदके देणे हे रसिकतेचे नव्हे, अपक्वतेचे लक्षण होय. तिचे हुंदके तत्क्षणी थांबले. शास्त्राचा असा सद्यःफलदायी प्रयोग मी पुन्हा कधी पाहिला नाही.

त्यानंतर ती माझ्याबरोबर कधीही चित्रपटाला आली नाही.

भांडण झाले नाही, अबोलाही झाला नाही. ती शेजारणींबरोबर गेली, पुढे धाकट्या बहिणीबरोबर, अलीकडे सुनेबरोबर. चपला घालताना मी विचारी, "कुठे निघालीस?" ती म्हणे, "पिक्चरला. जरा रडून येतो." आमच्या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना 'मी येतो, मी जातो' असेच म्हणतात. मी म्हणे, "येतो नव्हे, येते." ती जिना उतरून गेलेली असे.

तेव्हा लोकांना मी सांगितले की, ज्ञानाला वयाची अट नसते म्हणून मी या वर्गात नाव घातले. खरे कारण एवढेच होते की, मरण्यापूर्वी एकदा ती माझ्या शेजारी बसून चित्रपट पाहील असे काही तरी करावे, आणि ते कसे करावे हे मला कळत नव्हते. मला जे कळत नाही त्याचा मी अभ्यास करतो. ती माझी जुनी खोड आहे.

सिद्धांताचा भाग सोपा गेला. पाश्चात्त्य विद्वानांनी गेल्या शतकात जे शोधले त्यातले बरेचसे आपल्याकडे आधीच होते, असे मी वर्गात वारंवार सांगत असे, आणि आमच्या शिक्षिका, ज्या वयाने माझ्या मुलीहून लहान होत्या, ते वारंवार ऐकून घेत असत. व्यवसायाच्या भागासाठी मी एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या निवृत्त ऑपरेटरला भेटलो. जन्मभर प्रोजेक्टर चालवलेला हा मनुष्य. मी विचारले की, एखादा चित्रपट चालणार की नाही हे निर्माता आणि वितरक कोणत्या निकषांवर ठरवत असत?

"वितरकाचा माणूस माझ्याकडं यायचा," तो म्हणाला. "पयल्या शोला. मला विचारायचा, काय पावणं, कसं हाय?"

"म्हणजे आपण चित्रपट पाहून मत देत होता."

"पिक्चर कोण बघतंय, मास्तर? मी केबिनच्या भोकातनं मानंकडं बघायचो. खाली बसल्याली माणसं. माना थांबल्या की पिक्चर चाललं. माना हलाय लागल्या, शेजाऱ्याकडं वळाय लागल्या, की समजायचं, पडलं. बायकांच्या माना तर लई बोलत्यात."

मी विनयाने मान डोलावली आणि हे विधान 'निरीक्षण रंजक, परंतु अशास्त्रीय' असे लिहून टिपणवहीच्या शेवटच्या पानावर टाकले.

आता तिसरा विषय. वीस प्रेक्षकांचा प्रतिसाद गोळा करायचा. त्यातला एक आपल्या घरातला असावा आणि त्याच्या शेजारी बसून चित्रपट पाहावा, अशी अट होती. घरातल्या प्रेक्षकाचा स्तंभ मी तूर्त रिकामा ठेवला. उरलेल्या एकोणीस जणांसाठी स्वहस्ते प्रश्नावली तयार केली. पहिला प्रश्न होता : 'प्रस्तुत चित्रपटात आपणांस प्राधान्याने कोणता रस आढळला?' खाली शृंगारापासून शांतापर्यंत नऊ चौकोन. तीनचा खेळ सुटला तेव्हा मी ती घेऊन चित्रपटगृहाच्या दारात उभा राहिलो.

राधानगरीकडून आलेले एक गृहस्थ भेटले. डोक्यावर पांढरी टोपी, बरोबर बायको आणि दोन मुली. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"रस न्हाय मिळाला बघा आत," ते म्हणाले. "आमी च्याच घेतला. रस हितं बाहीर कोपऱ्यावर हाय, आलं-लिंबू घालून देतोय. तुमास्नी पायजे काय?"

मी सांगितले की, उसाचा रस अभिप्रेत नाही.

"मग रस्सा? तांबडा का पांढरा?" त्यांच्या बायकोने विचारले, आणि मुली हसून लोटपोट झाल्या.

"काव्यातला रस, ताई. उदाहरणार्थ, बीभत्स."

"ते काय असतंय?"

"ज्याने किळस येते तो."

"मग तिथं टिक मारा," गृहस्थ म्हणाले. "आतला वडा."

पुढच्यांनी 'शांत' या चौकोनात खूण केली, कारण आत वातानुकूलन उत्तम होते. दोन तरुणांनी 'वीर' निवडला. विचारले असता, तिकिटाच्या रांगेत आपण मारामारी केली असे त्यांनी अभिमानाने सांगितले. एका बाईंनी 'करुण' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे हिरोचं नाव का?" मी प्रत्येकाचे उत्तर ऐकले, त्याची चूक समजावून दिली आणि त्याने काय उत्तर द्यायला हवे होते ते त्याच्या वतीने लिहिले. एकोणिसावा कागद पूर्ण झाला तेव्हा करुण रस स्पष्ट बहुमताने सिद्ध झाला होता.

याच प्रकल्पावर मी नापास झालो. शिक्षिकांनी मला समोर बसवले. एवढ्या वयाच्या विद्यार्थ्याला रागवायचे कसे, या चिंतेने त्यांचा चेहरा कोमेजला होता.

"सर, सगळ्या प्रेक्षकांचं हस्ताक्षर एकच कसं?"

"त्यांची उत्तरे शुद्ध नव्हती."

"सर, पण प्रतिसाद त्यांचा हवा होता ना? आणि घरातला प्रेक्षक कुठाय?"

त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली. नवे एकोणीस नकोत, म्हणाल्या. घरातला एक आणा, पुरे.

त्या दिवशी पत्नी पडवळ चिरत होती. मी प्रश्नावली तिच्यापुढे ठेवली. पहिला प्रश्न वाचून ती इतकी हसली की विळी बाजूला सरकवावी लागली.

"अहो, कोणता रस आढळला, असं कुणी विचारतं का? आढळायला ते काय झुरळ हाय? चव लागली का, असं विचारायचं."

मी काही बोलणार होतो, तो थांबलो. रस म्हणजे काय हे सांगताना पूर्वाचार्यांनी आपल्याला दुसरीकडे कुठे नेलेले नाही, थेट स्वयंपाकघरातच नेले आहे : नाना मसाले, भाज्या, गूळ एकत्र येतात आणि खाणाऱ्याला चव लागते, तसे हे. पस्तीस वर्षे मी तो दृष्टांत फळ्यावर लिहिला. स्वयंपाकघरात कुणी बसले आहे काय, हे मात्र पाहिले नाही.

"माझ्याबरोबर एक चित्रपट पाहशील?" मी विचारले. "नाही तर मी पुन्हा नापास होईन."

तिने विळी पुन्हा पुढे ओढली. नापास होण्याची सबब तिला पटली नव्हती हे दिसत होते.

"येतो मी," ती म्हणाली. "पण तोंडातनं एक शब्द काढायचा न्हाय. पिक्चर संपूस्तोवर."

'येते' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. मी त्याला तसाच मागे जाऊ दिला. मौनाची ती पहिली परीक्षा होती आणि तिच्यात मी उत्तीर्ण झालो.

सकाळी आम्ही अंबाबाईचे दर्शन घेतले. देवीपुढे तिचे डोळे नेहमी भरून येतात. तिथे मी कधी तिच्या कानाशी वाकून भाष्य केलेले नाही. याचे श्रेय माझ्या विवेकाला देता आले असते. वस्तुतः तिथे देवी ऐकते आहे याची मला भीती वाटते.

तीनच्या खेळाला आम्ही शेजारी बसलो. तिने रुमाल मांडीवर घेतला होता. मी हाताची घडी घालून, ओठ मिटून, समोर पाहत होतो. चित्रपट बापलेकीचा होता. अर्ध्या तासाने लेक घर सोडून निघाली. पुढच्या रांगेत नाके ओढल्याचे आवाज येऊ लागले. मी न राहवून तिरप्या नजरेने पत्नीकडे पाहिले. ती पडद्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. तिची मान किंचित माझ्या बाजूला झुकली होती, अगदी कान सोयीचा व्हावा इतकीच. मी काही बोलत नव्हतो, तरी ती वाट पाहत होती. रुमाल घडीचा घडीच होता. पुढेही तेच झाले; दृश्य दाटून आले की तिची मान माझ्याकडे वळे.

माना शेजाऱ्याकडे वळू लागल्या की समजायचे, पडले. टिपणवहीचे ते शेवटचे पान मला शब्दशः आठवले. पडला होता तो पडद्यावरचा चित्रपट नव्हे.

मध्यंतरात मी मुतारीला जातो असे सांगून उठलो आणि दिवे मालवल्यावर परतलो तो तिच्या शेजारी नव्हे, चार रांगा मागे, कडेच्या खुर्चीवर. तिने एकदा दाराकडे पाहिले, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. मग तिची मान सरळ झाली आणि थांबली. उत्तरार्धाचा चित्रपट मी जवळजवळ पाहिलाच नाही. कथा कुणी विचारली तर मला सांगता येणार नाही. मी फक्त तिची मान पाहिली, पांढऱ्या केसांचा अंबाडा पाहिला, आणि शेवटी बाप लेकीच्या दारात आला तेव्हा तो अंबाडा थरथरू लागलेला पाहिला. रुमालाची घडी मोडली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी मध्येच तोडलेला तो हुंदका तिथून पुढे सुरू झाला, असे मला वाटले. हे अर्थातच अशास्त्रीय आहे.

प्रकल्पात मी एकच पान लिहिले. 'प्रेक्षक सहृदय आहे. रसास्वादाची सात विघ्ने शास्त्राने सांगितली आहेत. प्रस्तुत प्रकरणी आठवे आढळले. ते प्रेक्षकाच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसले होते. ते उठून गेल्यावर रसनिष्पत्ती झाली.' हस्ताक्षर माझेच होते, परंतु या वेळी शिक्षिकांनी त्याला आक्षेप घेतला नाही.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर ती मला दारात भेटली. डोळे लाल होते आणि चेहरा, कसा सांगू, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा होता.

"कुठं गेलतासा?"

"मागे बसलो होतो. चार रांगा मागे."

मग तिने रुमाल पिशवीत टाकला आणि चालू लागली. रस्ता ओलांडताना माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या खेपेला तिथंच बसा."