अक्काच्या कागदावरचा शब्द

“शब्द आधी उसवावा, मग वापरावा,” असं बाइंडर येता-जाता म्हणायचा. गल्लीतल्या एका खोलीत तो पुस्तकं बांधायचा. शाळा त्यानं पाचवीतच सोडलेली. पुढे कुणीतरी उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी बांधायला टाकून गेलं, ते परत फिरकलंच नाही. बाइंडरनं ती शिवली, पाठीला कापड चिकटवलं, आणि रोज थोडी थोडी करत वीस वर्षांत अथपासून इतिपर्यंत वाचून काढली.

तेव्हापासून ज्याला इंग्रजी कागद यायचा, तो त्याच्या दारात यायचा. बाइंडरची रीत ठरलेली. आधी अर्थ, मग मूळ, शेवटी वापर. आणि वापराचं वाक्य कागद आणणाऱ्यावरच करायचं, परक्यावर नाही. सुताराला त्यानं ‘टेम्पररी’ असा समजावला होता: “टेम्पररी म्हणजे तात्पुरता. लॅटिनमध्ये टेम्पस म्हणजे वेळ. सुतार टेम्पररी आहे, तेव्हा त्यानं साहेबाशी दोन महिने तरी भांडू नये.” सुतार हसत चहा पाजून गेला होता.

एका दुपारी त्याची थोरली बहीण, अक्का, काठी टेकत आली. आईबापाच्या माघारी तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. खळीनं माखलेल्या फळीवर तिनं हॉस्पिटलचा कागद ठेवला.

“डॉक्टर भिंतीकडे बघून बोलला. म्हणाला, आता एवढंच करायचं. काय लिहिलंय बघ.”

कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, ‘पॅलिएटिव्ह केअर’. बाइंडरला हा शब्द पाठ होता. तरी त्यानं डिक्शनरी काढली आणि नको ती पानं उलटत बसला.

“अर्थ सांग.”

“आधी मूळ सांगतो.”

“आज उलटी गंगा का रे?”

“लॅटिनमध्ये पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. त्यावरून झाकणं, पांघरूण घालणं.”

“कशावर पांघरूण?”

“दुखण्यावर.”

“आणि खालचं दुखणं?”

बाइंडरनं कागद कापायची सुरी उचलली, पुन्हा खाली ठेवली. “ते राहतं.”

अक्कानं फळीवरचा शिवायचा दोरा बोटाला गुंडाळला. “म्हणजे आता बरं करायचं नाही, नुसतं दुखू द्यायचं नाही. बरं. आता वापर.”

“अक्का, राहू दे ना.”

“सुताराला वाक्य, पोस्टमनला वाक्य, आणि जिनं तुला घास भरवले तिच्या वेळेला दातखीळ? कागद माझा आहे. वाक्यही माझंच हवं.”

“अक्काला आता...” त्यानं सुरुवात केली. पुन्हा म्हणाला, “अक्काला डॉक्टरांनी...” आणि थांबला. चार शब्दांचं वाक्य. उभ्या गल्लीला त्यानं अशी हजार दिली असतील.

त्यानं कागद उचलला. “डॉक्टरलाच विचारून येतो. चुकून लिहिला असेल. दुसराच एखादा शब्द असेल.”

“आता डॉक्टरला इंग्रजी शिकवणार तू?”

“आलोच.”

खळीचे हात तसेच घेऊन त्यानं चपला अडकवल्या आणि निघाला. अक्का त्याच्या स्टुलावर बसून दारातून बघत होती. हॉस्पिटल डावीकडे होतं. कोपऱ्यावर तो उजवीकडे वळला. तिनं ते पाहिलं, पण हाक मारली नाही.