उशिरा पडणारी सहा अक्षरं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आजही नाही. कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळलेली बाई मी. मशीन अडलं तर आधी वायर बघते, देव नंतर आठवतो. तरी हे लिहितेय... कारण उत्तर सापडत नाही.

म्हैसूरला, सरस्वतीपुरममधल्या एका लॅबमध्ये आमचं पाच दिवसांचं ट्रेनिंग होतं — एआय वापरून सायबर सुरक्षा, सगळं स्वतःच्या हातांनी करायचं. आम्ही पाच जण, त्यात मी सगळ्यांत मोठी. पास झाले तर नव्या सिक्युरिटी टीममध्ये, नाहीतर टपाल विभागात. टपालात जायचं नाही, हे मी घरून ठरवूनच निघाले होते.

तिसऱ्या दिवशी एकच इंग्रजी वाक्य प्रत्येकाने तीस वेळा टाइप करायचं होतं. कोणती कळ किती वेळाने पडते, यावरून मॉडेल माणूस ओळखायला शिकतं. “पासवर्ड चोरता येतो, बोटांची लय नाही,” असं आमचे शिवण्णा सर सांगायचे.

माझी तीस वाक्यं झाली, आम्ही जेवायला खाली उतरलो, आणि मी स्क्रीन लॉक करायची विसरले. सुरक्षेच्या ट्रेनिंगमध्ये! तिथला नियमच होता — ज्याची स्क्रीन उघडी सापडेल, त्याच्या मशीनवर बाकीच्यांनी खोडी करायची आणि त्याने सगळ्यांना दोसा खाऊ घालायचा. त्यामुळे परत आल्यावर फाइलमध्ये एकतिसावं वाक्य दिसलं तेव्हा मी हसलेच.

पण त्यापुढे वेळ होती एक वाजून वीस मिनिटं. तेव्हा आम्ही पाचही जण सरांसोबत एकाच टेबलावर जेवत होतो. लॅबला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. मशीनला नेटही नव्हतं. मॉडेलला विचारलं — पाचांपैकी कोणीच नाही, म्हणालं. मग कळींच्या वेळांचा आलेख उघडला. सगळी अक्षरं माझ्याहून भरभर पडलेली, फक्त सहा उशिरा — आर, टी, एफ, जी, व्ही, बी. डाव्या तर्जनीची अक्षरं.

माझ्या अक्काची ती तर्जनी लहानपणी दारात चेंगरून आखडली होती. म्हैसूरच्याच मंडी मोहल्ल्यातल्या टायपिंग क्लासात आम्ही शेजारी बसायचो. त्या सहा अक्षरांना ती मधलं बोट वळवून आणायची, आणि तिथेच तिचा टकटकाट अडखळायचा. मी रडकुंडीला येऊन उठले की खांदा दाबून खाली बसवायची, “अय्यो, उठतीस काय गं? कूत्को, बस खाली! परत मार!”

अक्का जाऊन दोन वर्षं झाली. फार आठवण येते तिची.

“डिलीट माडिबिडि मॅडम, पुसून टाका. एक्झॅममध्ये प्रॉब्लेम आगत्ते,” सर म्हणाले.

“बेडा सर, नको,” मी म्हणाले. “जे कळत नाही ते पुसायचं नाही, तुम्हीच शिकवलंत.”

पाचव्या दिवशी परीक्षक बाईंनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. “हे कोणाचं?”

मी सांगितलं, “माहीत नाही. आमच्यातल्या कोणाचं नाही, एवढं मॉडेल सांगतं. म्हणून ठेवलंय.”

मी पास झाले.

तरी मनातून जाईना. ती फाइल आणि मॉडेल मी घरच्या लॅपटॉपवर आणलं होतं; कोणी नक्कल केली तर मॉडेल फसतं का, ते बघायचं होतं. एका रविवारी भर दुपारी तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळली आणि अक्कासारखं मधलं बोट वळवत तेच वाक्य तीस वेळा टाइप केलं. सहाही अक्षरं तशीच उशिरा पडली. मॉडेलने तीसही वेळा माझंच नाव सांगितलं.

मग ते एकतिसावं कोणाचं? मला खरंच माहीत नाही. ऑफिसात मी आता पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन लॉक करते. घरच्या लॅपटॉपची मात्र दुपारी जेवताना, तीच फाइल लावून, मुद्दाम उघडी ठेवते. अजून बत्तिसावं आलेलं नाही.