आतली कडी
गेल्या वर्षी १४ मार्च, सकाळचे अकरा; दार फोडण्याचे पाचशे रुपये ठरले होते आणि फुलपाड्यातल्या आमच्या फ्लॅटबाहेर बायको, शेजारीण व सुतार असे तिघे हजर होते. आत मी एकटा, आणि गॅसवर दूध. मेंदूत रक्ताची गुठळी होऊन महिना झाला होता. हातात जोर होता, पण सांगितलेलं काम कसं करायचं तेच हाताला सुचत नसे. पेन धरलं तरी स्वतःचं नाव उमटत नसे. त्या सकाळी दूध गॅसवर ठेवून बायको कोथिंबीर आणायला खाली उतरली आणि मी सवयीने आतून कडी लावली. आता ती निघेना. "अहो, कडी उचला आणि डावीकडे सरकवा!" बायको ओरडत होती. "भाऊ, घाबरू नका, जोर लावा," शेजारीण म्हणाली. मला शब्दन् शब्द कळत होता, तरी हात कडी नुसतीच चाचपत होता, तिच्यावर टिचक्या मारत होता. स्वयंपाकघरातून करपट धूर येऊ लागला. गॅसचं बटण फिरवणंही मला जमणार नव्हतं. सुताराने छिन्नी काढली. तेवढ्यात बायको म्हणाली, "थांबा, कोणी बोलू नका." बाहेर शांतता झाली आणि रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर वाजवते तशी तिने दोनदा बेल वाजवली. हाताने सरळ कडी काढली. बायको मला बाजूला सारून गॅसकडे धावली. सुतार पैसे घेईना. "दार तर काकांनीच उघडलं," म्हणाला. आज मी सही करतो, पण कोणी "इथे सही करा" म्हटलं की हात अजून थबकतो. सुताराला शेवटी पाचशे पूर्ण दिले, ती कडी उखडून नेण्याचे.