नाव न घेता विकलेलं औषध

मोठ्या दुष्काळाच्या आधी अकोल्याच्या बाजारात एक बाई झाडपाल्याची औषधं विकायची. बाकी मुळ्यांची नावं मोठ्यानं घ्यायची, मूल होण्यासाठी देतात त्या रतनपुरुषाला मात्र नुसतं “ते” म्हणायची. ओल्या गवतातलं हे जांभळ्या फुलाचं झाड मी ओळखते, पण तिच्याकडं असायचा वाळका भुगा. माझ्या सुनेला मूल होत नव्हतं, म्हणून मी थांबले.

“नाव घे, मगच नेते.”

“मालकाचं नाव हाय त्यात, मावशे. कसं घिऊ?”

तेवढ्यात कुणी तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याला “धोंडिबा” अशी हाक मारली.

“आदल्या मालकाचं,” ती लगेच म्हणाली.

“मग आधी तू खा.”

तिनं चिमूटभर तोंडात टाकलं आणि तोंडाला पदर लावला. गिळलं का थुंकलं, मला दिसलं नाही. सुनेसाठी बांधलेली पुडी मी उचलली नाही.