मॅडमचा 'टू'

सोमवारी माझी बायको सुमन वारली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. "व्हेरी गोड चहा पिता येतो, टू गोड झाला की कप खाली ठेवावा लागतो," असं ती वर्गात सांगायची. तरी मुलं कौतुकाने 'टू गुड' लिहायचीच, आणि ती न कंटाळता खोडायची.

काल तिची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. "सर, मॅडम टू गुड होत्या," म्हणाली आणि तिने जीभ चावली. "आत्ता रागावल्या असत्या."

"राहू दे," मी म्हणालो. "बरोबर आहे."

माणूस सोसवेल त्याहून जास्त चांगलं असू शकतं, हे मला या चार दिवसांत कळलं.

टेबलावर नववीच्या वह्या आहेत. निम्म्या तपासायच्या राहिल्या आहेत.