लखमाची गॅलरीतली तालीम

एकाच गॅलरीत चार बिऱ्हाडं असली की किस्से साठायला वेगळं फडताळ लागत नाही. नळावर एक, जिन्यात एक, असे आपोआप साचत जातात. पण संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतले आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीतले किस्से सांगायला बसले, की मी अजूनही आधी दाराला कडी आहे ना ते बघते. तुम्ही खुशाल हसा. आम्हीसुद्धा हसायचो, घाबरत घाबरत!

*

लखमा म्हणजे शेजारच्या आप्पा मास्तरांचा जुना विद्यार्थी. डहाणूकडच्या जंगलातला वारली मुलगा; आप्पा पूर्वी तिकडच्या शाळेत होते. बी.ए., बी.टी. झालेला, आता एम.एड. करत होता. दंग्यामुळे होस्टेल बंद पडलं, म्हणून आप्पांनी त्याला घरी आणलं.

मी कसली गप्प राहते! ट्रंक खाली ठेवायच्या आत विचारलं, "काय रे, आई काय करते? भावंडं किती? लग्न ठरलंय का?"

तो आपला पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभा.

आप्पा आतून ओरडले, "अहो, त्याला चहा तरी पिऊ द्या! तुमच्यापेक्षा पोलीस बरे!"

*

त्याला आपला प्रबंध कॉलेजच्या हॉलमध्ये तीन प्रोफेसरांपुढे मांडायचा होता. जेवण जाईना पोराला. त्यांच्या पाड्यांवरचा एवढा शिकलेला तो पहिलाच. म्हणायचा, "मावशी, दुसरा कोणी अडखळला तर तो एकटा नापास. मी अडखळलो तर म्हणतील, ही माणसंच अशी."

मग आप्पांनी गॅलरीत तालीम लावली. आप्पा एक प्रोफेसर, आमचे हे दुसरे, आणि मधली मुख्य प्रोफेसर मी, मांडीवर तांदळाची परात घेऊन!

लखमाने तोंड उघडलं आणि नाक्यावर 'ठो!' झालं. पाठोपाठ पोलिसांच्या गोळीचा दुसरा बार. आम्ही सगळे धडपडत घरात, खाटेखाली. यांचं कोपर माझ्या बरगडीत.

तेवढ्यात खाटेखालून आप्पांचा आवाज, "लखमा, थांबायचं नाही! प्रकरण दुसरं!"

*

ते दुसरं प्रकरण मला पाठ झालं होतं. वारली पोरं शाळेत येतात, पण हजेरीला 'हजर' म्हणत नाहीत. का? तर त्यांच्या बापआज्यांच्या वेळी खाकीतला माणूस पाड्यावर यायचा, नावं विचारायचा, आणि ज्याचं नाव कळलं त्याला फुकट राबायला घेऊन जायचा. म्हणून आया पोरांना सांगायच्या, परक्याला नाव सांगायचं नाही. आणि पोरगं बोललं नाही की मास्तर मांडायचा, गैरहजर!

मला हसू आवरेना. "अगं बाई! समोर बसलेलं पोर गैरहजर? मास्तर आंधळा होता काय?"

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. "आंधळा नव्हतो हो," म्हणाले. "तो मास्तर मीच."

*

एका दुपारी कोणीतरी आमच्या गच्चीवरून सोड्याच्या बाटल्या फेकल्या. कोणी ते सगळ्या चाळीला ठाऊक. जिन्यावर बूट वाजले. साहेब आणि दोन शिपाई थेट माझ्यासमोर.

"बाई, नाव काय तुमचं? बाटल्या कोणी फेकल्या?"

अख्ख्या वाडीच्या सोयरिकी तोंडपाठ असलेली मी! बाटल्यांचं सोडा, स्वतःचं नाव फुटेना. गॅलरीतल्या शेजारणींचीही तीच गत. हातातली परात मात्र आपसूक वाजत होती.

"च्यायला, मुक्यांची चाळ आहे काय!" म्हणत साहेब खाली उतरला.

लखमा दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याने माझ्या हातातून परात काढून घेतली. "मावशी, बसा," एवढंच म्हणाला.

*

प्रबंध मांडायच्या दिवशी आप्पांना ताप. पोराबरोबर मी गेले. शेवटच्या बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. लखमाने न अडखळता सगळं वाचलं.

मग मधले प्रोफेसर म्हणाले, "हे सगळं ठीक. पण ही मुलं मुळात मंदच असतील, असं का नाही धरलंत? स्वतःचं नाव सांगायला अशी काय अक्कल लागते?"

लखमाचे ओठ हलले, शब्द नाही. मला वाटलं, संपलं! पोरगं बुडालं!

तेवढ्यात त्याने माझ्याकडे बोट केलं. "सर, त्या आमच्या शेजारच्या मावशी. जरा त्यांना नाव विचारा."

तिघांनी माना वळवल्या. सगळा हॉल वळला. दंग्यामुळे दारात उभा केलेला खाकीतला शिपाईसुद्धा.

"बाई," प्रोफेसर म्हणाले, "आपलं नाव?"

मी उभी राहिले. तोंड उघडलं. बाहेर रस्त्यावर पोलिसांची शिट्टी वाजली. आज हातात परात नव्हती, बांगड्या वाजत होत्या.

लखमाने घाई नाही केली. मग सावकाश कागदांची घडी घातली.

"मांडा, सर," म्हणाला. "गैरहजर!"