बरणीवरची ओपल

गावात गांजाचं दुकान कायद्यानं उघडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी व्हर्ना त्याची पायरी चढली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरांत तिनं उभी हयात शाळेची बस चालवली. धाकटा भाऊ डेलबर्ट गांजा पिकवताना पकडला गेला, तुरुंगात गेला, आणि तो आत असतानाच आई वारली. तेव्हापासून व्हर्नानं भावाशी संबंध तोडले होते. आता सत्तरीत गुडघ्यांनी जीव नकोसा केला, तेव्हा सून मागे लागली, तिथं एक मलम मिळतं, नशाबिशा काही चढत नाही, लावून तर बघा.

दारातल्या माणसानं तिचं पांढरं डोकं दिसत असूनही वयाचा दाखला मागितला. आत एखाद्या दवाखान्यासारखी स्वच्छता होती. काउंटरमागे येसेनिया उभी होती. लहानपणी ती व्हर्नाच्याच बसनं शाळेत जायची. तिनं बाईंना खुर्ची दिली, गुडघ्याची चौकशी केली आणि मलम काढायला वळली.

तिच्या मागच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या. मधल्या बरणीवर एका बाईचा फोटो होता. डोक्यावर गवती टोपी, अंगात निळ्या चौकड्यांचा एप्रन, आणि पाठीमागे तिच्याहून उंच वाढलेली गांजाची झाडं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ओपल.

तो एप्रन व्हर्नानंच शिवला होता. ओपल तिची आई.

"हा फोटो इथं कुणी लावला?" तिनं विचारलं.

"डेलबर्टनी दिला, मिस व्हर्ना," येसेनिया म्हणाली. "बियाणं तुमच्या आईचंच ना. ही जात त्यांनीच निवडून निवडून टिकवली. आमच्याकडे सगळ्यात जास्त हीच खपते." बोलता बोलता तिनं व्हर्नाचा चेहरा पाहिला. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मलम काउंटरवर तसंच राहिलं. व्हर्ना गाडीत बसली. ती निघाली ती थेट डोंगरावर, भावाच्या घरी.

डेलबर्ट अंगणात पाइप जोडत होता. बहिणीला पाहून त्यानं हात पुसले, तिला स्वयंपाकघरात नेलं आणि कॉफी ठेवली. ती का आली ते त्यानं विचारलं नाही.

"ती झाडं आईची होती?"

"हो."

"आणि तू तुरुंगात गेलास."

"मग तिला जाऊ द्यायचं होतं? त्या वयात?" तो म्हणाला. "लाकडाची गिरणी बंद पडल्यावर आपलं घर कशावर चाललं असं तुला वाटत होतं?"

"अंड्यांवर," व्हर्ना म्हणाली.

डेलबर्टला हसू आलं, पण तिच्याकडे पाहून त्यानं ते आवरलं. आईच्या कोंबड्या धड डझनभरसुद्धा नव्हत्या, हे व्हर्नाला तेव्हा कुठे आठवलं.

मग तिला दुसरंही आठवलं. डेलबर्टला शिक्षा झाली त्या आठवड्यात ती आईसमोर बसून म्हणाली होती की या नालायकानं तुला जिवंतपणी मारलं. आई खाली मान घालून बटाटे सोलत राहिली होती.

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"तू पोरांची बस चालवायचीस. तुझ्या नोकरीवर आलं असतं," डेलबर्ट म्हणाला. "पुढे सांगणार होती. तुरुंगात भेटायला आली तेव्हा म्हणाली, व्हर्ना तुला इतकं बोलली, आणि मी ऐकून घेतलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

व्हर्ना अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होती. माफीचा शब्द तिला सापडला नाही. त्यानंही मागितला नाही. निघताना तिनं फक्त त्याच्या दंडावर हात ठेवला आणि तो जरा वेळ तसाच राहू दिला.

रविवारी चर्च सुटल्यावर बायका कॉफीला जमल्या, तेव्हा तिनं मन घट्ट करून सांगितलं की झाडं डेलबर्टची नव्हती, आमच्या आईची होती. तिला वाटलं होतं, सगळ्या हादरतील. कुणीच हादरलं नाही. एकीनं नजर कॉफीच्या कपाकडे वळवली. दुसरीनं तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस, व्हर्ना. आम्हाला माहीत होतं गं."